चित्त्याशी बोलायचं काम

भिवराबाईला बोलल्यावाचून राहवत नसे. चकलांब्याला बापाच्या घरी गोवऱ्या थापताना ती गोवऱ्यांशी बोलायची, पाणी शेंदताना पोहऱ्याशी बोलायची, आणि समोर माणूस असलं तर मग विचारायलाच नको. लग्न होऊन ती तेलगावला गेली. नवरा गहिनीनाथ हा दिवसाकाठी मोजून दहा शब्द बोलणारा गडी. त्यातले निम्मे बैलांसाठी. त्यानं सात वर्षं कशीबशी काढली आणि एका दिवाळीला तिला माहेरी सोडून गेला तो परत न्यायला आलाच नाही. मूलबाळ झालं नाही म्हणून टाकली, असं लोक म्हणत. गहिनीनाथानं मात्र तिच्या भावाला खरं कारण सांगितलं होतं: हिच्या तोंडामुळे घरात झोप लागत नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि टाकलेल्या बाईनं खाली मान घालून भावाच्या चुलीपुढे बसायचं असा रिवाज होता. भिवराबाई चुलीपुढे बसली, मान काही खाली गेली नाही. भावजय वैतागली. भाऊ शेतात जास्त वेळ काढू लागला. घरात एवढं दळण, एवढं सरपण ही एकटी ओढायची, पण तिचं काम कोणाला दिसायचं नाही. ऐकू यायचं ते फक्त तिचं तोंड. शेवटी हे तोंडच तिच्या पोटाला आधार देईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

उमापूरच्या अलीकडे एक लहानशी जहागीर होती. तिथल्या जहागीरदारांना काळविटांच्या शिकारीचा नाद. बंदुकीची नव्हे, चित्त्याची शिकार. गोदाकाठच्या त्या सपाट माळावर काळविटांचे कळप चरत असत. छकड्यात डोळे बांधलेला चित्ता न्यायचा, कळप दिसला की डोळ्यांवरचं टोपरं काढायचं, आणि मग चार-पाच श्वासांत काय व्हायचं ते होऊन जायचं. हे सगळं सांभाळायला तात्याबा नावाचा म्हातारा पारधी होता. त्याच्या आज्या-पणज्यापासून त्यांच्या घरात चित्ते पकडायचं आणि शिकवायचं काम.

चित्ता पिल्लू असताना धरून उपयोग नाही, असं तात्याबा म्हणायचा. शिकार त्याला आईनं शिकवायला लागते. म्हणून तो मोठाच चित्ता फासात धरी. मग त्याला शिकार शिकवायची नसते, माणूस शिकवायचा असतो. त्याची रीत अशी होती. चित्त्याचे डोळे बांधायचे, गळ्यात आणि कमरेला पट्टा घालायचा आणि त्याला बाजेवर निजवायचं. ती बाज कुठे आडबाजूला ठेवायची नाही. विहिरीच्या वाटेवर, जिथे दिवसभर वर्दळ असते तिथे ठेवायची. आणि बाजेशेजारी बायका बसवायच्या. त्यांनी दुसरं काही करायचं नाही, नुसतं बोलत राहायचं. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, पाळीपाळीनं. डोळे बांधलेल्या जनावराला कानांनीच माणूस कळतो. महिना-दीड महिना असा आवाज कानावर पडत राहिला की त्याचं अंग सैल पडतं, आणि मग लाकडी पळीतून दिलेलं मांस तो खाऊ लागतो.

त्या साली तात्याबानं एक तरणाबांड चित्ता धरला होता. हौशा त्याचं नाव. बोलायला सारजाबाई आणि ताराबाई अशा दोघी होत्या, तिसरी हवी होती. चकलांब्याच्या भिवराबाईची कीर्ती त्याच्यापर्यंत गेलीच होती. तो तिच्या भावाकडे आला आणि म्हणाला, बहिणीला महिन्याला इतकी ज्वारी आणि वर्षाला दोन लुगडी मिळतील, काम बसून बोलायचं. भावजयीनं भावाच्या आधी होकार दिला.

पहिल्या दिवशी भिवराबाई बाजेपासून आठ हात लांब बसली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिला बोलायला सांगितलं गेलं, आणि तिला काही सुचेना. ताराबाई हसायला लागली. मग भिवराबाईनं सोबत आणलेली डाळ सुपात घेतली आणि ती निवडता निवडता डाळीला किती खडे आहेत हे सांगू लागली. डाळीवरून दुकानदारावर गेली, दुकानदारावरून भावजयीवर आणि भावजयीवरून तेलगावच्या सासूवर. सासू आली आणि मग तिला काही अडलं नाही. दुपार झाली तेव्हा ती बाजेच्या पायाशी सरकलेली होती आणि हौशाचा कान तिच्याकडे वळलेला होता. आपलं कोणीतरी ऐकतंय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला रडू फुटलं. रडतानाही ती बोलतच होती.

सारजाबाई आणि ताराबाई पोटासाठी बोलत. त्यांना जे बोलायचं ते बोलून संपे, मग त्या तेच ते बोलत, जांभया देत. भिवराबाईचं तसं नव्हतं. तिच्याकडे सात वर्षांचं साठलेलं होतं. हळूहळू तिला दुसऱ्या दोघींची पाळी खपेनाशी झाली. सारजाबाईचा आवाज चिरका आहे, त्यानं हौशा दचकतो, असं ती तात्याबाला सांगू लागली. ताराबाई तंबाखू खाते, तो वास त्याला सोसत नाही. खरं म्हणजे हौशाला कशाचंच काही वाटत नव्हतं. पण भिवराबाई पहाटे येऊन बाजेशी बसायची आणि दुसरीला जागाच द्यायची नाही. दोन महिन्यांत त्या दोघी कंटाळून घरी बसल्या. तात्याबानं तिला एकदा स्पष्ट बजावलं. "भिवरे, एका आवाजाचं जनावर करू नगंस. तुला उद्या ताप आला तर ते काय करील?" तिला ताप येत नाही, असं उत्तर देऊन ती पळी धुवायला गेली.

हौशा शिकारीत नाव काढणारा निघाला. पण भिवराबाईच्या लेखी त्याची शिकार हा त्याचा वेळ घालवायचा उद्योग होता. माळावरून परत आला की तो बाजेवर चढायचा, हनुवटी तिच्या मांडीवर टेकायचा आणि घशात घरघर करायचा. त्याचं टोपरं आता घरी काढलेलंच असे. तिच्या हातच्या पळीतून खायचा, आणि तेही ती बोलत असली तरच. बोलणं थांबलं की खाणं थांबे. तात्याबाला हे आवडत नसे. भिवराबाईला मात्र याहून दुसरं काही नको होतं. अशी चार वर्षं गेली, आणि ही चार वर्षं ती सुखात होती.

मग विलायतेचा साहेब आला.

साल एकोणीसशे बाराचं, दिवस थंडीचे. हा साहेब शिकारी नव्हता. विलायतेतल्या एका शहराच्या जनावरबागेचा तो मुख्य होता आणि बागेसाठी जनावरं गोळा करत हिंडत होता. हैदराबादेतल्या कोण्या बड्या माणसाची चिठ्ठी त्याच्याजवळ होती. चिठ्ठी वाचूनच जहागीरदार अर्धे वाकले. साहेबाला चित्ता हवा आहे असं कळताच त्यांनी हौशा भेट म्हणून नजर करून टाकला. नजर करायची वस्तू भिवराबाईच्या मांडीवर हनुवटी ठेवून पडली होती, तिथे साहेबाला घेऊन गेले.

साहेब ते दृश्य पाहून तिथेच थांबला. बाज विहिरीच्या वाटेवर. बायका घागरी घेऊन बाजेला खेटून जातायत. एक कुत्रं खाली झोपलंय. आणि ही बाई चित्त्याच्या पाठीवर कोपर टेकून डाळ निवडतेय, अखंड बोलतेय. साहेबाबरोबर दुभाष्या म्हणून जहागिरीचा मुन्शी राधाकिशन होता. त्याला थोडंफार इंग्रजी येत होतं. त्याच्याकडून तात्याबाची सगळी रीत ऐकून घेतल्यावर साहेब त्याला म्हणाला की हे भयंकर आहे. जनावराला दोरीनं खाटेला बांधणं, डोळ्यांवर कातडं चढवणं, माणसांच्या गलक्यात ठेवणं, हा छळ आहे. आमच्याकडे असं करणाऱ्याला कोर्टात उभं करतात.

मग त्यानं आपल्याकडची रीत सांगितली. त्याच्याजवळ छापलेली एक पुस्तिकाच होती. पिंजरा इतका लांब, इतका रुंद. गजांत चार बोटांचं अंतर. जमीन सिमेंटची आणि उतरती, म्हणजे पाणी वाहून जाईल. रोज औषधाच्या पाण्यानं धुणं. मांस वजन करून, ठरल्या वेळी, लांब काट्यानं. आठवड्यातून एक दिवस उपास. पिंजऱ्यावर पाटी, तीवर जनावराचं नाव आणि मुलूख. रखवालदाराखेरीज कोणी जवळ जायचं नाही आणि रखवालदारानंही हात लावायचा नाही. हे सगळीकडे असंच असतं का, असं राधाकिशननं विचारलं. तर नाही म्हणे. एका देशात एका माणसानं गजच काढून टाकलेत, नुसता खंदक खणून त्यापलीकडे वाघ मोकळे सोडलेत. साहेबाच्या मते तो वेडा होता. दुसऱ्या एका ठिकाणी माकडांना टोप्या घालून चहा पाजतात. आणि मुंबईच्या बागेत लोक सिंहाला फुटाणे मारतात, ते त्यानं याच महिन्यात पाहिलं होतं.

तात्याबानं हे सगळं ऐकून घेतलं. पिंजऱ्याचं माप त्यानं पावलांनी जमिनीवर टाकून पाहिलं. "चोर कोंडत्येत तसं?" त्यानं विचारलं. "गुन्हा काय केला ह्येनं?" राधाकिशननं याचं भाषांतर केलं नाही. छळ कशाला म्हणायचं यावर त्या दोन माणसांचं जमणं शक्य नव्हतं. दोघांचंही थोडंथोडं खरं होतं, आणि दोघांनीही आयुष्य जनावरांतच घालवलं होतं.

साहेबाचा नियम असा होता की जनावर बोटीवर चढवण्याआधी दहा दिवस पिंजऱ्यात ठेवून पाहायचं. खाल्लं तर न्यायचं, नाही खाल्लं तर नाही. बोटीत मरणारं जनावर त्याला नको होतं. गेवराईहून लोहार बोलावून पिंजरा करवला. पिंजरा वाड्यामागच्या शांत आवारात ठेवला आणि दहा हातांवर चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत फक्त आल्बर्ट नावाचा रखवालदार जाणार होता. तो साहेबाबरोबरच आलेला, पस्तिशीचा, तांबड्या मिशांचा आणि कमी बोलणारा माणूस. भिवराबाईला सांगण्यात आलं की तिनं दहा दिवस आवाराकडे फिरकायचं नाही.

ती गेली. रडली नाही, भांडली नाही. भावाला नवल वाटलं. पण भिवराबाईनं मनाशी हिशेब केला होता: मी बोलत नाही तोवर हौशा खात नाही, आणि खाल्लं नाही तर साहेब नेत नाही. तेव्हा आपण घरी गप बसायचं, म्हणजे झालं.

पहिल्या दिवशी हौशानं मांसाला तोंड लावलं नाही, ही बातमी आली तेव्हा तिला आनंद झाला. दुसऱ्या दिवशीही झाला. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःला घास गिळेना. चौथ्या दिवशी तात्याबा चकलांब्याला आला आणि ओट्यावर टेकला. हौशा पाणीसुद्धा पीत नाही, कोपऱ्यात तोंड घालून पडलाय, कुशी आत गेल्यात, एवढं त्यानं सांगितलं. साहेब स्वतः रात्रंदिवस रेघेपलीकडे खुर्ची टाकून बसतोय, तेही सांगितलं. साहेब काही वाईट माणूस नाही, असं तो नाइलाजानं म्हणाला.

"मी गेले तर त्यो खाईल," भिवराबाई म्हणाली. "खाल्लं तर सायब नेईल."

"व्हय."

"आन् न्हाई गेले तर दहा दिसांनी सायब त्येला हितंच ठिवील."

"दहावा दिस त्येला दिसायचा न्हाई, बाई."

आपण घरी बसून त्याला उपाशी मारतोय आणि त्याला माया म्हणतोय, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिला स्वतःची शिसारी आली. ती तशीच उठली आणि तात्याबाच्या पुढे चालू लागली.

आवारात ती चुन्याच्या रेघेपाशी थांबली. साहेबानं हरकत घेतली नाही. ती खाली बसली आणि तिला जे तोंडात येईल ते बोलू लागली: भावाचा बैल लंगडतोय, भावजयीनं दह्यात मीठ जास्त टाकलं, चकलांब्याच्या वाटेवर बाभळीचा काटा लागला तो अजून टाचेत आहे. हौशानं डोकं वर केलं. मग तो उठला, गजांना अंग घासत एक फेरी मारली, आणि तिच्याकडे तोंड करून सकाळचं सुकलेलं मांस खाऊ लागला. साहेबानं घड्याळ काढून वेळ लिहून घेतली. जहागीरदारांनी सुटकेचा श्वास टाकला. जनावर जायला योग्य ठरलं होतं, आणि ते ठरवलं होतं भिवराबाईनं.

मांस संपेपर्यंत ती बोलली. मग साहेबाकडे वळली आणि मुन्शीला म्हणाली, "ह्यांना इचारा, त्यांच्याकडं चित्ते किती दिस जगत्येत?"

तो खोटं सांगू शकला असता. त्यानं वही उघडली आणि वाचून दाखवलं. आजवर सहा चित्ते आणले. चार जण सहा महिन्यांच्या आत गेले, एक आठ महिन्यांनी, आणि सर्वांत जास्त जगला तो अकरा महिने. कारण कळलं नाही. आधी वाटलं थंडी, म्हणून शेगडी बसवली. मग वाटलं मांस, म्हणून मांस बदललं. मग जमीन बदलली. सिंह जगतात, वाघ जगतात, त्यांना पिल्लंही होतात. चित्ते मात्र एका हिवाळ्यापलीकडे जात नाहीत.

त्यांच्याशी बोलत कोण होतं, असं तिनं विचारलं. साहेब म्हणाला, कोणी नाही. तिथे शांतता राखायचा नियम आहे.

मग मला न्या, असं भिवराबाई म्हणाली. जहागीरदार हसले. पाठोपाठ आलेला भाऊ म्हणाला, समुद्रापलीकडे गेलीस तर परत उंबऱ्यात घेणार नाही. साहेबानं मात्र हसण्यावारी नेलं नाही. बाईमाणसाला रखवालदार नेमायची आमच्याकडे सोय नाही, हे त्यानं सरळ सांगितलं. पण बोलणंच हवं असेल तर ते आल्बर्टला शिकव, तो रोज बोलेल. आणि थोडा विचार करून पुढे म्हणाला, मीही शिकतो. दोघांना येत असलेलं बरं.

इथे भिवराबाईनं जे केलं ते तिच्या स्वभावाला धरूनच झालं. एकच पुरे, असं ती म्हणाली. दोन तोंडांनी त्याचा गोंधळ उडेल. तात्याबा मधे पडायला गेला, तिनं त्याला बोलू दिलं नाही. हौशा आपला राहायचा नाही हे तिला कळून चुकलं होतं. निदान तो कोणातरी एकाचा तरी राहावा, एवढंच तिच्या मनात होतं. साहेबानं मान डोलावली. या बाबतीत तिला जास्त कळतं, असं तो धरून चालला.

आठ दिवस भिवराबाई आल्बर्टला शिकवत होती. ते ऐकायला सगळा गाव लोटायचा. ती एक वाक्य म्हणायची, तो आपल्या लिपीत एका लहान वहीत उतरून घ्यायचा आणि मग म्हणून दाखवायचा. अर्थ त्याला सांगायची गरज कोणालाच वाटली नाही. तेलगावच्या सासूनं तुपाचं गाडगं कसं लपवलं, नवऱ्यानं कधी नावानं हाक मारली नाही, दिवाळीला माहेरी आले ती आलेच, हे सगळं तो तांबड्या मिशांचा माणूस अगदी मन लावून म्हणायचा. कुठे आवाज चढवायचा, कुठे खाली आणायचा, कुठे सुस्कारा सोडायचा, हे तिनं त्याच्याकडून पक्कं करून घेतलं. सहाव्या दिवशी हौशानं त्याच्या आवाजावर खाल्लं. त्या दिवशी आल्बर्ट पहिल्यांदा हसला. वही त्यानं खिशात ठेवली आणि वरून गुंडी लावली.

छकड्यावर पिंजरा चढवून मंडळी पैठणच्या वाटेनं औरंगाबादच्या स्टेशनाकडे निघाली. आल्बर्ट छकड्याच्या मागून चालत होता आणि बोलत होता. भिवराबाई गावाच्या शिवेपर्यंत गेली आणि परत फिरली. पुढे पंधरा दिवस ती भावाच्या घरी कोणाशी एक शब्द बोलली नाही. भावजयीला त्याचीच भीती वाटू लागली.

सहा-सात महिन्यांनी साहेबाचं पत्र जहागिरीवर आलं. राधाकिशननं ते तिला वाचून दाखवलं. हौशा पोचला, खातो. पिंजऱ्यात साहेबानं एक बाज ठेवली आहे. बागेच्या पंचांनी त्याला हसून घेतलं, पण ठेवली आहे. समोर पाटी आहे की कोणी मोठ्यानं बोलू नये. आणि त्या पाटीशेजारी स्टुलावर बसून आल्बर्ट दिवसातून तीन वेळा बोलतो. लोक त्याला पाहायलाच जास्त येतात. पुढच्या साली दुसरं पत्र आलं: हिवाळा निघाला. भिवराबाईनं त्या दिवशी गूळ वाटला. मग विलायतेत लढाई पेटली आणि पत्रं बंद झाली.

इकडे तात्याबानं अजून एक चित्ता धरला. मादी होती, तिचं नाव सगुणा. माळावर आता चित्ते दिसेनासे झाले होते, आणि हा आपल्या हातचा शेवटचा असं तो म्हणायचा. सगुणेच्या बाजेशी भिवराबाई बसली. तापाची मोठी साथ आली त्यात सारजाबाई गेली. ताराबाई दोनदा विचारून गेली की पाळीला येऊ का. भिवराबाईनं तिला तंबाखूचा वास येतो असंच सांगितलं.

एकोणीसशे एकोणीसच्या पावसाळ्याअखेर तिसरं पत्र आलं. राधाकिशन ते घेऊन बाजेपाशी आला, सगुणेपासून जरा लांब बसला आणि एकेक ओळ मराठीत करून सांगू लागला.

हौशा तीन हिवाळे जगला. विलायतेत इतका कुठलाच चित्ता जगल्याचं साहेबाच्या ऐकिवात नव्हतं. तिसऱ्या हिवाळ्यानंतर सरकारनं आल्बर्टला लढाईवर बोलावलं. तो गेला, आणि त्याच दिवसापासून हौशानं खाणं सोडलं. साहेबानं स्वतः स्टुलावर बसून बोलून पाहिलं. इंग्रजीत बोलला, त्याला येत होती तेवढी हिंदुस्थानी बोलला. दुसऱ्या रखवालदारांना बसवलं. बायकांना बसवलं. हौशा कोपऱ्यात तोंड घालून पडून राहिला, पाणी तेवढं पीत राहिला आणि एकविसाव्या दिवशी गेला.

राधाकिशन थांबला. पुढे आल्बर्टचं काही आहे, सांगू का, असं त्यानं विचारलं. ती सांगा म्हणाली.

आल्बर्ट लढाईतून जिवंत परत आला होता. एक कान गेला होता. त्यानं साहेबाला हे पत्र लिहायला लावलं होतं, आणि शेवटच्या चार ओळी त्याच्या सांगण्यावरून होत्या. तो म्हणत होता की निघायच्या आदल्या आठवड्यात साहेबांनी माझ्याकडे वही मागितली होती. दुसऱ्या कोणाला तरी शिकव म्हणाले होते. मी टाळलं. मला वाटलं, मी लवकर परत येईन. पण खरं कारण ते नव्हतं. तो माझ्याच आवाजावर खातो, हे मला फार आवडत होतं. मी वही खिशात घालून घेऊन गेलो. हे त्या बाईला सांगा आणि तिची माफी मागा.

भिवराबाई बराच वेळ सगुणेच्या मानेवरून हात फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं नाही. मग उत्तर लिहून घ्या म्हणाली. राधाकिशननं कागद मांडीवर घेतला.

"लिवा," ती म्हणाली. "माफी मागू नगंस म्हणावं. बोलायचं मी त्येला शिकवलं. दुसऱ्याला शिकवायचं न्हाई, ते बी त्यो माझ्याकडूनच शिकला."

आणखी काही लिहायचं का, असं राधाकिशननं विचारलं. एवढंच, ती म्हणाली.

पत्र गेवराईच्या टपालात पडलं त्याच दिवशी ती ताराबाईच्या दारात गेली आणि तिला घेऊन आली. सोबत ताराबाईची सूनही आली. दोघींना तिनं बाजेशी बसवलं, पळी ताराबाईच्या हातात दिली आणि आपण विहिरीच्या पलीकडे, सगुणेला आपला आवाज जाणार नाही अशा बेतानं जाऊन बसली. पहिले दोन दिवस सगुणेनं तोंड फिरवलं. भिवराबाई जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ताराबाई आपल्या सुनेच्या आळशीपणाविषयी काहीबाही सांगत होती, सून हसत होती, आणि सगुणेनं मान पुढे करून पळीतलं मांस खाल्लं. पळी रिकामी झाल्यावर तिनं हनुवटी ताराबाईच्या मांडीवर टेकली.

भिवराबाईनं ते पलीकडून पाहिलं. तिला फार वाईट वाटलं, आणि ती संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिली.